छी, त्सुन, ली: चिनी लांबीची मापं पहिल्यांदा वाचताना काय बघायचं

शांघायला राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी पडदे शिवायला टाकले. खिडकीची उंची घेतली साडेसात फूट आणि दुकानात जाऊन मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं साडेसात 'छी', कारण माझ्याकडच्या डिक्शनरीत छीच्या पुढे सरळ 'फूट' असं लिहिलेलं होतं. पडदे घरी आले, लावले, तर जमिनीवर चांगले वीतभर लोळत होते. शिवणाऱ्या बाईंची काही चूक नव्हती, त्यांनी साडेसात छी म्हणजे अडीच मीटर अगदी तंतोतंत दिले होते, फूट म्हणून मला हवे होते दोन मीटर एकोणतीस सेंटीमीटर. हा २१ सेंटीमीटरचा फरक मला पुढे बराच लांब घेऊन गेला, जुनी प्रवासवर्णनं, अॅक्युपंक्चरचे तक्ते, कपड्यांचे साईझ चार्ट, जिथे जाल तिथे हीच मापं आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ थोडा वेगळा. चिनी शिकणाऱ्यांना, तिकडून माल मागवणाऱ्यांना आणि इतिहास वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून क्रमाने लिहितेय.

पायरी १: आधी शिडी पाठ करा, सेंटीमीटर नंतर

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की चिनी मापांमधलं एकमेकांशी असलेलं नातं पक्कं आहे, पण एका छीची खरी लांबी पक्की नाही, ती काळानुसार आणि गावानुसार बदलते. म्हणून आकडे पाठ करण्याआधी नातं पाठ करायचं. ते सोपं आहे कारण जवळजवळ सगळं दहाच्या पटीत चालतं: दहा फनचा एक त्सुन, दहा त्सुनचा एक छी, दहा छीचा एक जांग. खूपच बारीक जायचं असेल तर फनच्या खाली ली आणि त्याच्या खाली हाव, तेही दहाच्या पटीतच. आपल्याकडे बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, आठ सुतांचा इंच असा सगळा खिचडीचा कारभार लहानपणापासून केलेल्या माणसाला हे फारच सुखाचं वाटतं, मला तरी वाटलं.

दहाची ही लय मोडते ती रस्त्यावर आणि शेतात आल्यावर. तिथे 'बू' येतो, म्हणजे पाऊल, पण एक पाय टाकला की बू होत नाही, डावा आणि उजवा दोन्ही पाय टाकले की एक बू. अर्ध्या बूला वेगळा शब्द होता, क्वे. आधीच्या काळात सहा छीचा बू होता, थांग राजवटीच्या काळापासून (इ.स. ६१८ ते ९०७) पाच छीचा झाला. बूच्या वर येतो 'ली', आधी ३०० बूंचा, पुढे थांग काळापासून ३६० बूंचा, म्हणजे १,८०० छीचा. गंमत बघा, ३०० गुणिले सहा काय आणि ३६० गुणिले पाच काय, दोन्हीकडे १,८०० छीच येतात, बू लहान झाला म्हणून लीमधले बू वाढवले. आज मात्र लीमध्ये १,५०० छी धरतात, ते का ते खाली येतंच.

एक सावधगिरी इथेच. फनच्या खालचा 'ली' आणि रस्त्यावरचा 'ली' हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत, लिहायचं अक्षर वेगळं, स्वर वेगळा. देवनागरीत लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. पहिला केसाएवढा, दुसरा अर्धा किलोमीटर, त्यामुळे संदर्भ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: आजच्या चीनमधले आकडे

आज मेनलँड चीनमध्ये कोणी छी म्हटलं तर तो मीटरचा बरोबर तिसरा हिस्सा. ३३.३३ सेंटीमीटर. हे आपोआप घडलेलं नाही. १९२९ च्या कायद्याने जुनी मापं मेट्रिकला बांधली गेली आणि सामान्य माणसाला लक्षात राहावं म्हणून एक-दोन-तीन असं सूत्र धरलं: एक लिटरला एक शंग, एक किलोला दोन जिन, एक मीटरला तीन छी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, लोकांची सवय न मोडता मेट्रिक घराघरात नेलं. १,५०० छीचा ली धरला की तो बरोबर ५०० मीटर येतो, म्हणूनच लीमधले छी १,८०० वरून १,५०० वर आले.

आता हिशोब तोंडी होतो. छीला तीनने भागा, मीटर मिळाले. लीला दोनने भागा, किलोमीटर मिळाले. त्सुन ३.३३ सेंटीमीटर, इंचापेक्षा बऱ्यापैकी मोठा. फन ३.३३ मिलीमीटर, आपला सुतार ज्याला सूत म्हणतो त्याच्या अगदी जवळ. जांग ३.३३ मीटर, साधारण अकरा फूट.

कपड्यांसाठी एक शॉर्टकट देते, कारण नव्या माणसाला पहिल्यांदा छी भेटतो तो पँटच्या कमरेत. साईझ चार्टमध्ये २.१, २.४, २.६ असे आकडे दिसले आणि कशाचा काही पत्ता लागला नाही तर ते छी आहेत, बोलताना 'दोन छी चार' असं म्हणतात. त्याला १३ ने गुणा, इंच मिळतील. दोन छी चार म्हणजे ८० सेंटीमीटर, सव्वाएकतीस साडेएकतीस इंच. दोन छी सहा म्हणजे ३४ ची कंबर. घासाघीस करण्याआधी हे मोबाईलवर करून बघा.

जमीन वाचायची असेल तर 'मू' लागेल, तो क्षेत्रफळाचा आहे पण लांबीवरूनच निघतो: ६० चौरस जांग, म्हणजे ६६६.६७ चौरस मीटर, १५ मूंचं एक हेक्टर. आपल्या हिशोबात एक मू साडेसहा गुंठ्यांहून किंचित जास्त, आणि सहा मू झाले की जवळजवळ एक एकर. चीनमध्ये सरकारी मापं केव्हाच मेट्रिक झालीत, १९८४ च्या आदेशाने तर जुनी मापं हळूहळू काढून टाकायचं ठरलं, तरी शेतीच्या बातम्यांत मू अजून अगदी जिवंत आहे.

पायरी ३: त्सुन म्हणतायत, पण तो त्सुन आहे का?

इथे बहुतेक जण फसतात. चिनी माणूस ५५ 'त्सुन'चा टीव्ही म्हणतो तेव्हा तो ५५ इंच सांगत असतो, चिनी त्सुन नाही. तसाच आठ त्सुनचा केक, २६ त्सुनची सायकल, मोबाईलचा स्क्रीन, फोटो स्टुडिओतला एक त्सुनचा फोटो (२५ बाय ३५ मिलीमीटर), सगळीकडे इंचच. पूर्ण शब्द 'यिंगत्सुन' आहे, म्हणजे इंग्रजी त्सुन, पण बोलताना पुढचा यिंग गळून पडतो.

म्हणून शब्दाच्या पुढे काय लावलंय ते बघायची सवय करा. पुढे 'यिंग' असेल तर ते ब्रिटिश माप: यिंगत्सुन इंच, यिंगछी फूट, यिंगली मैल. पुढे 'गोंग' असेल तर मेट्रिक: गोंगली म्हणजे किलोमीटर, गोंगफन म्हणजे सेंटीमीटर, आणि तैवानमध्ये मीटरला गोंगछी म्हणतात. पुढे 'श' म्हणजे बाजार असेल तर १९२९ नंतरचं बाजारमाप. पुढे 'ह्वा' असेल, ह्वाली, तर तो चिनी ली, ५०० मीटरवाला. 'हाय' म्हणजे समुद्र, हायली म्हणजे सागरी मैल. आणि पुढे काहीच नसेल तर वस्तू कुठली आहे ते बघा. कापड, कंबर, चित्राचा कागद, सुतारकाम असेल तर चिनी माप असण्याची शक्यता जास्त, कारखान्यातून आलेली मशीन, स्क्रीन, चाक, पाईप असेल तर इंच.

चित्रांचं वेगळं सांगते कारण मला त्याची आवड आहे. शाईच्या चित्रांसाठीचा जो श्वान कागद असतो तो 'चार छी', 'सहा छी' अशा नावाने विकतात, चार छीचा पूर्ण ताव साधारण ६९ बाय १३८ सेंटीमीटरचा. चित्रकारांचे भाव चौरस छीवर बोलले जातात, त्याला फिंगछी म्हणतात, एका चार छीच्या तावात असे आठ. गॅलरीत कोणी भाव सांगितला तर तो पूर्ण चित्राचा आहे की फिंगछीचा हे आधी विचारा, आठपटीचा फरक आहे.

पायरी ४: गाव कुठलं?

हाँगकाँगला गेलात तर छीला 'छेक' म्हणतात आणि कायद्यातला छेक ३७.१४७५ सेंटीमीटरचा आहे, मेनलँडच्या छीपेक्षा जवळजवळ चार सेंटीमीटर मोठा. पण तिथे घरांच्या जाहिरातीत आणि एजंटच्या तोंडात जो छेक येतो तो ब्रिटिश फूट असतो, फ्लॅट चौरस फुटातच विकतात. लिहिताना फुटासाठी अक्षराच्या डाव्या बाजूला तोंडाची छोटी चौकट जोडतात, ती दिसली की फूट समजा.

तैवानमध्ये तिसरीच गोष्ट. १८९५ ते १९४५ तिथे जपानची सत्ता होती, त्यामुळे तिथला छी जपानी शाकूवर बसलेला, १० भागिले ३३ मीटर, ३०.३ सेंटीमीटर. हा फुटाच्या इतका जवळ आहे की गल्लत झाली तरी कळत नाही. तिथे घरं 'फिंग'वर विकतात, सहा छी बाय सहा छी, ३.३ चौरस मीटर, साधारण दोन जपानी चटयांची जागा. म्हणजे एकच अक्षर, आणि लांबी ३०.३, ३३.३ किंवा ३७.१, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

हाँगकाँग, तैवान, सिंगापूरच्या हार्डवेअरच्या दुकानात मेजरिंग टेप घेतलीत तर तिच्यावर सेंटीमीटरच्या सोबत लाल-काळ्या अक्षरांच्या पट्ट्या दिसतील. ते लू बान छी, लू बान हा सुतारांचा आद्यपुरुष मानतात. ही पट्टी साधारण ४२.९ सेंटीमीटरची, तिचे आठ भाग, काही शुभ काही अशुभ, दाराची चौकट शुभ भागावर संपावी म्हणून बघतात. आपल्याकडे वास्तूत ध्वज, धूम, सिंह, श्वान असे आठ आय काढतात त्याच्याशी हे किती जुळतं! तिच्याच खालच्या बाजूला दुसरी पट्टी असते, साधारण ३८.८ सेंटीमीटरची, ती देव्हारा आणि थडग्यासाठी. यातली कुठलीच लांबी मोजायला वापरू नका, त्यासाठी टेपवरचे सेंटीमीटर आहेत.

पायरी ५: साल कुठलं?

इतिहास वाचणाऱ्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या ग्रंथातला छी ३३ ने गुणला की माणसं राक्षस होतात. तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी जुगे लियांग, त्याची उंची जुन्या इतिहासात आठ छी दिली आहे. आजच्या छीने २ मीटर ६७. पण हान राजवटीच्या काळातला (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) छी होता साधारण २३.१ सेंटीमीटरचा, त्याने मोजलं की एक मीटर पंच्याऐंशीच्या आसपास येतो, उंच माणूस पण माणूसच.

हे २३.१ कुठून आलं हे विचारायलाच पाहिजे. चिन राज्यात शांग यांग नावाच्या मंत्र्याने इ.स.पू. ३४४ मध्ये धान्य मोजायचं एक ब्राँझचं माप बनवून घेतलं, ते आज शांघायच्या म्युझियममध्ये आहे. त्याच्यावर कोरलंय की १६ पूर्णांक एक पंचमांश घन त्सुन म्हणजे एक शंग. आता भांडं हातात आहे, त्यात मावतं साधारण २०२ मिलीलिटर, भागाकार करा, घनमूळ काढा, त्सुन निघतो २.३ सेंटीमीटर. तेवीसशे वर्षांनी एका भांड्याने पट्टीची लांबी सांगितली, मी पहिल्यांदा हे गणित स्वतः केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. याच चिन राज्याच्या राजाने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणल्यावर हीच मापं सगळीकडे लागू केली.

मग छी वाढत गेला. मोठी उडी दक्षिण-उत्तर राजवटींच्या काळात (पाचवं-सहावं शतक), थांगपर्यंत येताना तो ३० सेंटीमीटरच्या जवळ पोचला. याचं एक मोठं कारण मानतात ते कापडाचा कर. सरकार सारा कापडाच्या रूपात घ्यायचं, ताग्याची लांबी ठरलेली चार जांग, आणि पट्टी मोजणाऱ्याच्या हातात. पट्टी जरा लांब केली की कराचा दर न वाढवता कापड जास्त मिळतं. हान काळात चार जांग म्हणजे सव्वानऊ मीटर, थांगमध्ये तेच चार जांग बारा मीटर, कागदावर आकडा तोच आणि विणणाऱ्या बाईने पावणेतीन मीटर जास्त विणायचं. आता ताग्याचा पन्हा बघा. हानमध्ये पन्हा दोन छी दोन त्सुन, थांगमध्ये एक छी आठ त्सुन. आकडा कमी झालेला दिसतो, पण सेंटीमीटर काढले तर ५१ आणि ५४, जवळपास तेवढाच, कारण पन्हा ठरतो मागावर बसलेल्या माणसाचे हात धोटा फेकायला किती लांब पोचतात त्याने आणि हात काही सरकारी हुकमाने वाढत नाहीत.

मिंग आणि चिंग राजवटींच्या काळात (१३६८ ते १९१२) तर एकाच शहरात तीन पट्ट्या होत्या: बांधकामाची ३२ सेंटीमीटर, जमीनमोजणीची साधारण ३४.५, शिंप्याची साधारण ३५.५. म्हणून त्या काळातलं काही वाचताना साल बघून झालं की कोणाच्या हातातली पट्टी तेही बघा. कामापुरतं लक्षात ठेवायचं तर हान २३, थांग ३०, चिंग ३२, आज ३३.

पायरी ६: ली वाचताना

ली हे अक्षर वर शेत आणि खाली माती असं आहे, मूळ अर्थ वस्ती, गाव. त्यामुळे तो कोसासारखाच माणसाच्या चालण्याला चिकटलेला. १९ व्या शतकात चीनमध्ये फिरलेल्या परदेशी लोकांनी लिहून ठेवलंय की डोंगर चढायचे ली जास्त सांगायचे आणि उतरायचे कमी, रस्ता तोच. लोकांना अंतर नाही, श्रम सांगायचे होते. जुन्या प्रवासातले ली म्हणूनच दशांशापर्यंत कन्व्हर्ट करू नका, 'साधारण' ठेवा.

आणि हजार ली, दहा हजार ली हे आकडे आपल्या 'छप्पन्न'सारखे आहेत, पुष्कळ या अर्थाने. चीनच्या भिंतीचं चिनी नाव 'दहा हजार लीची लांब भिंत', आजच्या लीने ५,००० किलोमीटर. मोजणीत एकट्या मिंग काळातल्या भिंतीचीच लांबी साधारण ८,८५० किलोमीटर भरली आणि २०१२ मध्ये सगळ्या काळातल्या भिंती मिळून २१,१९६ किलोमीटर जाहीर झाली. नाव हे माप नव्हतंच. हजार लीचा प्रवास पायाखालून सुरू होतो हे लाओ त्झूच्या नावावरचं वाक्य मराठीत 'हजार मैल' होऊन फिरतं, ते ली आहेत, मैल नव्हेत.

पायरी ७: अंगावरचा त्सुन

अॅक्युप्रेशर-अॅक्युपंक्चर शिकणाऱ्यांनो, वरचे सगळे सेंटीमीटर इथे विसरा. इथला त्सुन पेशंटच्या स्वतःच्या शरीराचा असतो. त्याच्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी एक त्सुन, अंगठा सोडून चार बोटं जोडली की मधल्या सांध्यापाशी तीन त्सुन, कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत बारा त्सुन, मग तो हात पैलवानाचा असो की पाच वर्षांच्या पोराचा. मळमळीसाठी दाबतात तो नेगुआन बिंदू मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर. तो शोधताना बरेच नवशिके स्वतःची बोटं लावतात आणि पेशंट लहान असला की जागा चुकते, बोटं त्याचीच लावा.

आता एक सराव, आपल्या घरचा

युआन श्वांग शाळेत सगळ्यांनी वाचलाय, ६२९ ला निघाला, ६४५ ला परत पोचला, मधे पुलकेशी दुसरा याच्या राज्यात महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने इथल्या राजधानीचा घेर ३० लीहून जास्त लिहिलाय. पायरी पाचप्रमाणे साल थांगचं. थांगमध्ये लहान आणि मोठा असे दोन छी होते, त्यामुळे ली साधारण ४४० ते ५४० मीटरमध्ये कुठेतरी. घेर आला १३ ते १६ किलोमीटर. एवढंच लिहायचं, '१५.० किलोमीटर' नाही.

पुढे तो डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन करतो, त्यात ७० छीहून उंच दगडी बुद्ध, आणि हा विहार म्हणजे अजिंठा असं बरेच अभ्यासक मानतात. ३० सेंटीमीटरने धरा, २१ मीटर. अजिंठ्यात एवढी उंच मूर्ती नाही, २६ नंबरच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची झोपलेली मूर्ती सगळ्यात मोठी, ती सातेक मीटर लांब. लहान छी लावून बघा, तरी १७ मीटर येतात. कुठलाही छी इथे मदत करत नाही, म्हणजे गडबड पट्टीत नाही, बहुतेक त्याने हे ऐकून लिहिलं असावं.

आणि त्यानेच आपली मापं चिनी वाचकांना समजावून सांगितलीत. योजन म्हणजे राजाच्या सैन्याची एका दिवसाची मजल, जुन्या सांगण्याप्रमाणे ४० ली, भारतातल्या रिवाजाप्रमाणे ३० ली, धर्मग्रंथांत १६ ली, तिन्ही आकडे त्याने शेजारी शेजारी ठेवले, एकही खोडला नाही. मग खाली उतरत आठ क्रोशांचं योजन, ५०० धनुष्यांचा क्रोश, चार हातांचं धनुष्य, २४ अंगुलांचा हात, सात यवांचं अंगुल, थेट धान्याच्या दाण्यापर्यंत. त्याच्या वाचकांना हे परकं वाटलं नसणार, चीनमध्येही काळ्या बाजरीसारख्या धान्याचा एक दाणा म्हणजे एक फन आणि शंभर दाण्यांचा छी असा हिशोब हान काळापासून लिहिलेला होता.